बिराजदारबाईंचे सामान

प्रवासाला निघणाऱ्या माणसाची परीक्षा गाडी सुटण्याच्या वेळी घेऊ नये, ती आठवडाभर आधी घ्यावी, असे बिराजदारबाईंचे मत होते. आणि या परीक्षेसाठी त्यांनी आमच्या शाळेचे मैदान मुक्रर केले होते. सोलापुरातल्या मुलींच्या त्या शाळेत मी भूगोल शिकवत असे आणि त्या शिवणकाम. सहल ठरली की जाणाऱ्या मुलींनी आपले सामान, जसे न्यायचे तसेच बांधून, शाळेत आणायचे. प्रार्थना झाली की ते उचलून मैदानाला एक पूर्ण फेरी मारायची. मध्ये सामान जमिनीला टेकले तर तिथेच थांबून त्यातली एक वस्तू बाहेर काढून ठेवायची आणि पुढे चालू लागायचे. कोणती वस्तू काढावी हे बाई कधीही सांगत नसत. मुलीने विचारलेच तर म्हणत, "सामान तुझं आहे. त्यात जड काय आहे ते मला कसं कळणार?"

फेरी संपेपर्यंत मैदानाच्या कडेने उशा, पितळी डबे, खाऊच्या बरण्या आणि एखादा भिंतीवरचा आरसा अशी रांग लागलेली असे. दुसऱ्याचे सामान आपल्या हाताने उघडायचे नाही, ज्याचे त्यालाच उघडू द्यायचे, हा बाईंचा नियम होता, आणि तो त्यांनी लहान मुलींच्या बाबतीतही पाळला. शाळेत इतर सहलींना मुलींच्या पिशव्या तपासल्या जात. बाईंच्या सहलीला त्याची गरज पडली नाही.

एका वर्षी विजापूरची सहल निघाली, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका नुकत्याच पुण्याहून बदलून आल्या होत्या. त्याही सहलीला येणार होत्या. त्यांचा होल्डॉल शिपायाने आणून पायरीवर ठेवला, आणि हे माझे सामान, असे त्यांनी बाईंना सांगितले. बाईंनी अत्यंत अदबीने विचारले, "मोठ्या बाई, शिपाई येणार आहे का विजापूरला?" तो येणार नव्हता. मुली बघत होत्या. मुख्याध्यापिकांनी एक क्षण विचार केला, पदर खोचला आणि होल्डॉल उचलला. व्हॉलीबॉलच्या खांबापाशी त्यांनी तो टेकवला आणि चपलांचा दुसरा जोड बाहेर काढला. पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा टेकवला, तेव्हा आतून इस्त्री निघाली. लोखंडी, कोळशाची. त्यानंतर मात्र त्या न थांबता आल्या. विजापूरला गोलघुमटाचा जिना चढताना, सामान ठेवायला खाली जागा न मिळाल्यामुळे आम्हा सर्वांच्या हातात ते होतेच, आणि अर्ध्या वाटेवर दम खात मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बिराजदारबाई, ती इस्त्री राहिली ते फार बरं झालं हो."

बाई उंच होत्या आणि ताठ चालत. कपाळावर भस्माची रेघ, गळ्यात मोजपट्टी, आणि पदराआड, दोऱ्यात बांधलेले चांदीच्या डबीतले इष्टलिंग. सहकाऱ्यांना त्या नावाने न बोलावता विषयाने बोलावत. मी भूगोलबाई होते, माझ्या शेजारच्या खुर्चीवर गणितबाई बसत, आणि चित्रकलेचे एक वयस्क शिक्षक होते त्यांना त्या चित्रसर म्हणत. माणसे बदलतात, विषय राहतात, असे त्याचे स्पष्टीकरण त्या देत.

त्यांची स्वतःची प्रवासाची पिशवी सोलापुरी चादरीच्या उरलेल्या तुकड्यांची होती. आत निरनिराळ्या मापांचे कप्पे शिवलेले होते आणि प्रत्येक कप्प्याची वस्तू ठरलेली होती, त्यामुळे अंधारातही त्यांचा हात बरोबर जागेवर जाई. लुगडी तीनच: एक अंगावर, एक दोरीवर, आणि तिसऱ्याला त्या 'पाहुणी' म्हणत, कारण ते कुणाच्या घरी जायचे असेल तरच बाहेर निघे. पंचा हा अंग पुसायला, डोक्याला बांधायला आणि भाकरी गुंडाळायला. अंगाचा साबण तोच कपड्यांचा. एकच काम करणाऱ्या वस्तूला त्यांच्या पिशवीत जागा नव्हती.

खरेदीच्या वेळी त्या वस्तूलाच विचारत. नवी पेठेतल्या दुकानात एखादा डबा हातात घेऊन, उलटसुलट करून, त्या अगदी गंभीरपणे म्हणत, "तू किती कामांना येशील?" दुकानदाराला ही सवय ठाऊक होती. तो म्हणे, "बाई, तो काय बोलंना. मी सांगू का?" त्यावर बाई डबा परत ठेवत म्हणत, "तुम्ही सांगायला लागलात तर तो स्वयंपाकसुद्धा करील. नको."

ही शिस्त कुठून आली, असे मी एकदा विचारले होते. त्यांनी छातीवरच्या डबीला बोट लावले. "आमचा देवच तळहातावर मावतो, भूगोलबाई. त्याला देऊळ लागत नाही, मग मला ट्रंक कशाला?" हे त्या हसत म्हणाल्या, तेव्हा मी ते विनोदाच्या खात्यात टाकले. पुढे त्याचा अर्थ निराळा लागायचा होता.

बाईंचे यजमान फार लवकर वारले होते. घरी त्या आणि त्यांच्या सासूबाई गुरव्वा, दोघीच. सासूबाईंना सगळे अव्वाच म्हणत. अव्वा मूळच्या मैंदर्गीच्या. शेत तिथेच, बाईंचा पुतण्या सिद्धाराम ते करी आणि महिन्याकाठी ज्वारी घेऊन सोलापूरला येई. अव्वा मराठी बोलत, रागावल्या की कानडी. सुनेशी त्यांचे पटे, पण सामानाच्या बाबतीत दोघी दोन टोकांना होत्या. अव्वांनी आयुष्यात काहीही टाकले नव्हते. त्यांच्या कमरेला एक जुनी चंची असे; तिच्यात पान, सुपारी, चुना, किल्ल्या आणि बंद पडलेल्या घड्याळाची चावीसुद्धा होती.

बाईंचा मुलगा बसवराज मोंबासाला कापडाच्या एका पेढीत नोकरीला होता. त्याचे लग्न होऊन सून तिकडे गेली आणि काही काळाने मुलगा झाल्याची बातमी आली. त्याने लिहिले, दोघी या. बोटीची तिकिटे मी काढतो. मुंबईहून निघून बोट आठवडाभराहून अधिक काळ समुद्रातून जात असे. बाईंनी दिवाळीची सुट्टी आणि साठवलेली रजा एकत्र जुळवली. शाळेत एवढ्या लांबच्या सुट्टीवर कुणी गेलेले नव्हते, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत महिनाभर दुसरा विषय नव्हता.

पण एक अट त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितली. अव्वांना मागे ठेवून त्या जाणार नव्हत्या, आणि मनाविरुद्ध ओढूनही नेणार नव्हत्या. अव्वा आनंदाने निघाल्या तरच नातवाचे तोंड दिसणार. नाहीतर ते फोटोत पाहायचे. हे त्यांनी एखाद्या ब्लाउजचे माप सांगावे तसे सांगितले, पण त्यानंतर त्या बराच वेळ मोजपट्टी बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

बातमी गल्लीत पोचली आणि लोक येऊ लागले. आफ्रिकेत ज्याचे म्हणून कुणी होते तो पुडके घेऊन आला. शेंगांच्या चटण्या, कडक भाकऱ्यांच्या चवडी, चादरी. एकाने तर कंपाल्याच्या मेहुण्यासाठी काळ्या मसाल्याचा डबा आणला, मोंबासापासून कंपाला किती लांब हे मी नकाशावर दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "एकदा तिकडं पोचलं की मग काय, जवळच की." बाईंनी कुणालाही नाही म्हटले नाही. त्या प्रत्येकाला म्हणत, "निरोप कितीही द्या. निरोपाला वजन नाही." आणि मग समोर बसवून तो निरोप दोनदा म्हणून घेत, स्वतः पाठ करत, आणि पुन्हा म्हणून दाखवत. पुडके घेऊन आलेला माणूस आपले पुडके घेऊन परत जाई, आणि आपले काम झाले असेच त्याला वाटे. चटणी फक्त एक गेली, ती बसूसाठी. ती अव्वांनी कुटली होती.

निघायच्या आठवडाभर आधी बाईंनी घरात फेरी जाहीर केली. अव्वांचे वय लक्षात घेऊन मैदान माफ केले होते. दारापासून चौकातल्या लिंबापर्यंत जायचे आणि परत यायचे, एवढेच. आणि अव्वांची ट्रंक दोघींनी दोन कड्यांना धरून न्यायची. अव्वांनी आधीच जाहीर केले होते की आपल्या ट्रंकेत दोन लुगडी आणि पूजेचे साहित्य आहे. मी त्या दिवशी तिथे होते. बाईंनी एक कडी धरली, अव्वांनी दुसरी. ट्रंक हलली नाही. बाईंनी दोन्ही हात लावले. पत्र्याचा तळ फरशीवर किंचित कुरकुरला, इतकेच.

बाई सरळ उभ्या राहिल्या. "अव्वा, काय आहे आत?"

"सांगितलं की. लुगडी."

"उघडून दाखवता का?"

"ब्याड," अव्वा म्हणाल्या. नको. आणि किल्ली चंचीत टाकून आत गेल्या.

माझ्या हातून त्या जागी काय झाले असते ते मला ठाऊक आहे. मी समजावले असते, निदान कडी-कोयंडा चाचपला असता. बाईंनी ट्रंकेला हात लावला नाही. ती बोळातच राहिली. येता-जाता त्या तिला वळसा घालून जात. ट्रंक उघडत नव्हती, अव्वा त्या विषयावर बोलत नव्हत्या, आणि तिकिटे देवघराच्या कोनाड्यात होती. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी मुलींना तुरपई शिकवताना एकाच मुलीचा रुमाल तीनदा उसवायला लावला. हे त्यांच्या स्वभावात नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "भूगोलबाई, संध्याकाळी नकाशांचं पुस्तक घेऊन या. अव्वांना समुद्र दाखवा."

मी स्वतः तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. मात्र वरच्या वर्गांना तो मी बरीच वर्षे शिकवत होते, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर होता. अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाई शिवणयंत्रावर काहीतरी शिवत होत्या. मी पुस्तक उघडले, हिंदी महासागराचे पान काढले आणि मुंबईवर बोट ठेवले.

"ह्ये निळं सगळं पाणी?" अव्वांनी विचारले.

"हो."

"मदी कुटं जमीन न्हाय?"

मी त्यांना सेशेल्सची बेटे दाखवली. हे ठिपके म्हणजे जमीनच, बोट तिथे थांबते, माणसे उतरतात, असे सांगितले. अव्वांनी पानावर वाकून ठिपके पाहिले. मग मुंबई आणि ठिपके यांच्यामधल्या निळ्या जागेवर त्यांनी आपले बोट ठेवले.

"आन् हितं मेलं तर?"

पुस्तकातल्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मी दिले असते. मी बाईंकडे पाहिले. यंत्र थांबले होते.

"हितं मेलं तर पाण्यात सोडतात, अव्वा," बाई म्हणाल्या. "कापडात शिवून."

"मंजे माती न्हाय."

"नाही."

हे वाचणाऱ्यांपैकी काहींना सांगायला हवे, की बाईंच्या समाजात माणूस गेला तर त्याला जाळत नाहीत. त्याला बसवून, इष्टलिंग हातात देऊन, जमिनीत समाधी देतात. अव्वांचे यजमान मैंदर्गीच्या शेतात तसेच बसलेले होते, आणि त्यांच्या डाव्या अंगाची जागा राखलेली होती. त्या जागेवर सिद्धाराम औत घालत नसे.

अव्वा उठल्या. चंचीतून किल्ली काढली आणि बोळात जाऊन त्यांनी स्वतःच ट्रंक उघडली. वर खरोखरच दोन लुगडी होती. त्यांनी ती बाजूला केली. खाली ट्रंक काठोकाठ काळ्या मातीने भरलेली होती. मातीत ज्वारीची धसकटे अजून तशीच होती. सिद्धारामने ती ज्वारीच्या पोत्यांबरोबर थोडीथोडी करून आणली होती आणि काकूंना त्यातले काही कळू दिले नव्हते.

"त्येंच्या कडंची हाय," अव्वा म्हणाल्या. "माझ्या जागंतली. मदी काय झालं तर मला ह्या पेटीत बसवा, वरनं ही माती घाला, आन् मग कुटं सोडायचं तितं सोडा."

बाई खाली बसल्या. त्यांनी चिमूटभर माती घेऊन बोटांत चुरली, कापडाचा पोत पाहावा तशी. त्या हसतील की रडतील याचा मला अंदाज येईना. पण त्यांनी प्रश्न विचारला, आणि तो वर्गातल्यासारखाच विचारला.

"अव्वा, मामंजींच्या वेळी खड्डा बुजवायला किती माती लागली होती?"

अव्वांनी आठवून पाहिले. "गाडीभर. जास्तच असंल."

"मग ही पुरेल?"

"न्हाय."

"म्हणजे ही पण खुणेचीच झाली की," बाई म्हणाल्या. "ट्रंकभर असली तरी खूणच, मूठभर असली तरी खूणच. मग उचलता येईल एवढी का घेऊ नये?"

मी पुस्तक मिटून मांडीवर धरले होते. बाहेर गिरणीचा भोंगा झाला आणि थांबला.

"कुणाच्या मुठीनं?" अव्वांनी विचारले.

"तुमच्या."

"आन् मदी मेले तर?"

"तर ती तुमच्या हातात देईन आणि वरून मी शिवीन. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. माझी शिवण उसवत नाही, ते तुम्हाला माहीत आहे." बाईंचा आवाज जरा खाली गेला. "माती आत राहील, अव्वा. पाणी बाहेर."

अव्वांनी हात पुढे केला, मूठ भरली, आणि ती मिटून छातीशी धरली. मग अगदी रोजच्या सुरात म्हणाल्या, "मग येते की. त्यात काय."

बाई उठून यंत्रापाशी गेल्या आणि चाक फिरवू लागल्या. पुष्कळ शिवून झाल्यावर माझ्या लक्षात आले की सुईत दोरा नाही.

त्या मुठीसाठी नवी पिशवी करणे बाईंना मान्य नव्हते. एकाच कामाची वस्तू झाली असती. त्यांनी अव्वांच्या चंचीतच, पानाच्या कप्प्यामागे, एक आतला कप्पा शिवला आणि माती घालून त्याचे तोंड बारीक टाक्यांनी बंद केले. बाकीची माती सिद्धाराम परत घेऊन गेला. काकू आपल्याला फार बोलतील असे त्याला वाटत होते. बाईंनी त्याला जेवायला वाढले आणि एवढेच सांगितले, "जिथून काढलीस तिथंच टाक. इकडंतिकडं नको."

निघण्यापूर्वीची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी बाईंबरोबर नवी पेठेत गेले होते. त्यांनी एक मोठे दाभण घेतले, पोती शिवतात ते, आणि मेणाचा जाड दोरा. पिशवीत टाकले आणि निघाल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, ह्याला काय विचारलं न्हाई?" बाई थांबल्या नाहीत. "याला नको विचारायला," असे त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

स्टेशनवर आम्ही चार-पाच शिक्षिका पोचवायला गेलो होतो. मुख्याध्यापिकाही आल्या होत्या. चादरीच्या दोन पिशव्या, एक पाण्याचा तांब्या, आणि अव्वांच्या कमरेला चंची. याखेरीज दोघींजवळ काही नव्हते. हमाल दोनदा डब्यात डोकावून गेला. तिसऱ्यांदा त्याने विचारले, "सामान मागनं येतंय का?"

पुढची हकिगत बाईंनी परत आल्यावर सांगितली, ती अशी. बोटीत खालच्या भागात एकावर एक झोपण्याच्या फळ्या होत्या आणि सामान फळीखाली मावेल तेवढेच ठेवायचे होते. लोकांनी संसार आणले होते. स्टीलच्या टाक्या, लोणच्यांच्या बरण्या, पाटे. बोट डोलू लागली की हे सगळे घसरत इकडून तिकडे जाई आणि मालक त्यामागून. बाईंनी लुगड्याच्या फॉलच्या पट्ट्यांनी आपल्या पिशव्या फळीला बांधल्या होत्या. मग शेजारणींच्या बरण्या बांधून दिल्या. एक लुगडे अंगावर आणि एक दोरीवर हा क्रम महासागरातही चालू राहिला. फक्त दोरीवरचे लवकर वाळे आणि त्याला मिठाचा कडकपणा येई.

अव्वांना मात्र दुसऱ्या दिवसापासून बोट लागली. पोटात काही ठरेना. पाठोपाठ ताप आला. बोटीवरच्या डॉक्टरांनी औषध दिले, नाडी पाहिली, वय विचारले, आणि पुन्हा नाडी पाहिली. अव्वा डोळे मिटून पडून राहत आणि त्यांचा एक हात चंचीवर असे. बाई त्यांच्याजवळ बसून पेज चमच्याने भरवत आणि निरोप पाठ म्हणत. सगळ्या गल्लीचे निरोप, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकामागून एक. अव्वांना ते ऐकताना घरी असल्यासारखे वाटे.

"माझ्या पिशवीत ते दाभण होतं, भूगोलबाई," बाई मला म्हणाल्या. "त्याला एकच काम होतं. पिशवीत हात घातला की आधी तेच लागायचं."

मग एका दुपारी शेजारच्या फळीवरच्या काठेवाडी बाईची वळकटी फुटली. गादीचा कापूस सगळीकडे उडाला, ती बाई रडकुंडीला आली. बाईंनी पाहिले, कापड जाड होते, साधी सुई त्यात शिरली नसती. त्यांनी दाभण काढले, मेणाचा दोरा ओवला आणि वळकटी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवून दिली. दोरा सगळा संपला. अव्वा पडल्या पडल्या ते पाहत होत्या. शेवटचा टाका झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता माझ्यासाठी दोरा न्हाय राहिला की गं."

"नाही," बाई म्हणाल्या. "आता तुम्हाला बरंच व्हावं लागेल."

हे सांगून बाई हसल्या. "दाभणाला दुसरं काम मिळालं, आणि त्या दिवशी मला झोप लागली." ताप उतरायला सुरुवात झाली होतीच, बाई त्याचे श्रेय डॉक्टरांना देत, अव्वा चंचीला. दोघींचे यावर कधीच एकमत झाले नाही. बेटे दिसली तेव्हा अव्वांना धरून वर आणले होते. कठड्याला धरून त्यांनी तो हिरवा ठिपका पाहिला आणि मोठ्याने म्हणाल्या, "मण्णु!" माती. आजूबाजूच्या गुजराती लोकांना वाटले, म्हातारी कुणाला तरी हाक मारते आहे. त्यानंतर अव्वांनी भाकरी मागितली, आणि बसूची चटणी तिथेच फोडावी लागली.

मोंबासाला अव्वांनी पणतू मांडीवर घेतला. तिथली जमीन तांबडी आहे हे त्यांना फारसे आवडले नाही. परतीच्या प्रवासात बोट पुष्कळ डोलली, पण अव्वांना त्याचे काही वाटले नाही, असे बाई म्हणाल्या. जाऊन आलेल्या वाटेची भीती वाटत नाही.

आम्ही त्यांना उतरवून घ्यायला गेलो, तेव्हा अव्वा डब्याच्या दारात उभ्या होत्या, किंचित वाळलेल्या, आणि फलाटाकडे पाहण्याआधी त्यांनी चंचीचा मागचा कप्पा चाचपून पाहिला. टाके तसेच होते. मुख्याध्यापिकांनी मला कोपराने हळूच ढोसले आणि म्हणाल्या, "बघा, तेवढंच सामान." मी पाहिले. मोजपट्टी गळ्यात, भस्माची रेघ कपाळावर, चादरीच्या दोन पिशव्या एका हातात. दुसरा हात अव्वांसाठी मोकळा होता.

त्यानंतर अव्वा काही वर्षे सुखाने जगल्या आणि गेल्या त्या मैंदर्गीतच, सुगीला गेल्या असताना, आपल्या घरात. निरोप आला तसे आम्ही तिघी-चौघी एस. टी.ने गेलो. शेतात, यजमानांच्या डाव्या अंगाला, राखलेल्या जागेत खड्डा घेतला होता. अव्वांना बसवले होते. भस्म झाले, बेल झाला. मग लोक माती घालण्यासाठी पुढे सरकले, तेव्हा बाईंनी हात वर करून त्यांना थांबवले.

त्यांनी चंची काढली. दातांनी धागा तोडला, आतल्या कप्प्याचे टाके एकेक करून उसवले, आणि ती मूठभर माती अव्वांच्या ओंजळीत सोडली. मग कप्पा उलटा केला. शिवणीत कण अडकले होते. तेही त्यांनी नखाने एकेक मोकळे करून आत टाकले, अगदी सावकाश, एकही राहू न देता. समुद्र ओलांडून गेलेली ती माती जिथली होती तिथे, इतर मातीत, लगेच मिसळून गेली. वेगळी ओळखू येईना.

घरी आल्यावर सिद्धारामच्या बायकोने चहा दिला. तिला पानाची सवय होती. बाईंनी चंची झटकली, आतला कप्पा सरळ केला आणि तिच्या हातात दिली. "धूऊन घे. अजून पुष्कळ टिकेल." मला वाटले होते, ही एक वस्तू तरी त्या ठेवून घेतील.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ त्या बसल्या, आणि मी शेजारी. गाडी सुटायच्या आधी कंडक्टर तिकिटे फाडत आमच्यापाशी आला. मांडीवरच्या चादरीच्या पिशवीकडे पाहून त्याने विचारले, "मावशी, आणखी सामान? वर टपावर वगैरे?"

"नाही बाबा," बाई म्हणाल्या. "होतं ते पोचतं केलं."

आणि पिशवी मांडीवर नीट करून, हात तिच्यावर सैल सोडून, त्या खिडकीबाहेरच्या काळ्या रानाकडे पाहू लागल्या.